जांभळीवरच्या चिंध्या

फार फार जुनी गोष्ट आहे बरं का. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही. त्याच्या राज्यात नदीकाठी एक गाव होतं. बाजार पलीकडच्या काठावर, वैद्य पलीकडे, अर्धे सोयरेधायरेही पलीकडेच. म्हणून राजाने गावाला एक नाव दिली होती, आणि ती चालवायला तुळाजी नावाचा नावाडी नेमला होता.

त्या राज्याची एक रीत होती. सरकारी सोयीबद्दल तक्रार असली, की त्या सोयीजवळच्या झाडाला, नावेसाठी घाटावरच्या जांभळीला, एक चिंधी बांधायची. पौर्णिमेला कारभारी घोड्यावरून यायचा आणि चिंध्या मोजायचा. शंभर भरल्या, की ती सोय काढून दुसऱ्या गावाला द्यायचा. चिंधी कुणाची, कशासाठी, हे कुणी विचारायचं नाही.

एका सकाळी तुळाजीला जांभळीवर चार चिंध्या दिसल्या. अरे देवा! काय चुकलं आपलं? नाव मळली असेल, असं वाटून त्याने ती घासून लख्ख केली. दोन दिवसांनी चिंध्या झाल्या नऊ. मग तो तांबडं फुटताच निघू लागला, तर चिंध्या वीस! बरं, थोडं थांबून निघावं, तर चाळीस!

बायको म्हणाली, "तुम्ही वाटेत फार बडबडता." त्याने तोंडाला कुलूप लावलं. तरी चिंध्या साठावर गेल्या.

बिचारा पार चक्रावला. भेटेल त्याला विचारायचा, "दादा, त्यातली एखादी तुमची का हो?" जो तो म्हणायचा, "छे छे, माझी कशाला असेल!" मग इतक्या चिंध्या काय चिमण्यांनी बांधल्या? तुळाजीला रात्री झोप लागेना आणि दिवसा वल्हं सुचेना.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. तिन्हीसांजेला राहीआक्का, गावची सुईण, घाटावर पाण्याला आली, तर तुळाजी स्वतःच्याच पागोट्याची चिंधी फाडून जांभळीला बांधत होता.

"अरे, नाव तुझी आणि चिंधीही तूच बांधतोस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

तुळाजीला रडूच फुटलं. "नाही गं आक्का, नाहीच ठिकाणावर! सगळ्यांची माझ्यावर तक्रार, आणि काय ते एकजण सांगेल तर शपथ. मग माझीही एक तक्रार असू दे की!"

राहीआक्काने भराभर चिंध्या मोजल्या आणि त्याचा हात धरला. "थांब, वेड्या! ही शंभरावी आहे. नाव गेली, तर पलीकडच्या बाळंतिणींकडे मी काय पोहत जाऊ?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळा गाव घाटावर बोलावला. म्हणाली, "ज्याने त्याने आपली चिंधी सोडायची आणि कशाची ते मोठ्याने सांगायचं." कुणी जागचं हलेना. तेव्हा तिनेच पुढे होऊन एक हिरवी चिंधी सोडली. "ही माझी. एकदा मी घाटावर पोचायच्या आत नाव निघून गेली, आणि पलीकडे एक पोर दिवसभर कळा देत तळमळत राहिली."

तुळाजीने मान खाली घातली. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

मग गवळी पुढे आला. "नाव लवकर सुटते. परवा माझं सगळं दूध नासलं."

"लवकर?" कुंभारीण कडाडली. "परवाच डोक्यावर मडकी घेऊन मी ऊन चढेपर्यंत उभी होते!"

तुळाजीचं डोकं गरगरलं. एकाच दिवशी नाव लवकरही आणि उशिराही? त्याने नदीकडे पाहिलं. मध्ये बेट होतं, यंदा झाडी वाढून गच्च भरलेलं. एकदम त्याने कपाळावर हात मारला. "अहो, नाव बेटाआड गेली की ती तुम्हाला दिसतच नाही! मी येतोय की गेलोय, तुम्हाला कळणार कसं?"

महिनाभर सगळे चिडले होते, आणि चिडले होते एकाच गोष्टीवर. उरलेल्या चिंध्यांत बऱ्याचशा निघाल्या घाटाच्या तुटक्या पायरीवरून घसरलेल्यांच्या. त्यात तर तुळाजीचा काहीच दोष नव्हता.

साळ्याने त्याच चिंध्या जोडून एक मोठं निशाण शिवलं. दोन्ही काठ दिसतात अशा टेकाडावर रोज एका घराने पाळीने बसायचं, आणि नाव पलीकडून निघाली की निशाण उभारायचं, असं ठरलं. निशाण दिसलं, की लोक घरातून निघू लागले.

पौर्णिमेला कारभारी आला. जांभूळ मोकळी! "या गावाला तक्रार नाही?"

"आहे की," राहीआक्का म्हणाली. मागे अख्खा गाव उभा होता. "एकच आहे, पण सगळ्यांची आहे. घाटाची खालची पायरी तुटलीय. पाथरवट कधी पाठवता?"

आता गोंधळायची पाळी कारभाऱ्याची होती. आजवर त्याने नुसत्या चिंध्या मोजल्या होत्या, उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं. तो घोड्याकडे बघू लागला, मग जांभळीकडे, पण गाव काही हलेना. शेवटी म्हणाला, "आठ दिवसांत पाठवतो." आणि सहाव्याच दिवशी पाथरवट आला.

नाव गावातच राहिली. तुळाजी पुन्हा वाटेत बडबडू लागला आणि लोक ऐकू लागले.

तात्पर्य: एकेकट्याने केलेल्या कुरकुरीने नुसता गोंधळ वाढतो, एकत्र बसून, नीट समजून मागितलं, की काम होतं.