सप्रेम भेट

धामणखोलच्या धरणाकाठी एक भोळा राहायचा. नाव धाकू. भोळा म्हणजे किती भोळा? आई म्हणाली, "भात झाला का बघ," तर हा बघून यायचा आणि गप्प बसायचा. झाला का ते सांग, असं कुठं म्हणाली होती ती?

तिथं शहरातल्या हौशी लोकांचा नौकानयन क्लब होता. धाकू तिथं राखणदार. अध्यक्ष सरपोतदारसाहेब. क्लब पाण्यावर चालायचा, पण साहेबांनी कधी पाण्यात बोट बुडवलं नव्हतं. त्यांचं सगळं नौकानयन खुर्चीत.

धरणाच्या पलीकडे पल्याडवाडी. तिथली अकरा पोरं हौसामावशीच्या होडीतून अलीकडे शाळेत यायची. एक दिवस होडी कलली. कुणी बुडलं नाही, पण सरकारी माणूस येऊन बजावून गेला, "सोमवारपासून अंगात लाइफ जॅकेट नसेल, तर होडी बंद." होडी बंद म्हणजे शाळा बंद, दुसरा रस्ता होता कुठं? मावशी धावत क्लबात आली.

"साहेब, अकरा जॅकेटं द्या हो. जुनी असली तरी चालतील."

साहेबांना आनंद झाला. अडगळीची खोली भरून वाहत होती, आणि दानाच्या बातमीला पेपरात फोटो येतो. लगेच 'सत्कार्य सप्ताह' जाहीर झाला. 'सप्रेम भेट' लिहिलेल्या पाट्या दोरी ओवून तयार झाल्या. भेट फुटकी असो, पाटी चकाचक.

गुरुवारी साहेब म्हणाले, "धाकू, कोपऱ्यातली जॅकेटं देऊन ये."

धाकूनं दिली. मावशीनं एक झटकलं तर आतून उंदराची चार पिल्लं पडली. बाकीच्यांच्या चिंध्या झालेल्या.

"अरे बाबा, ह्यात उंदरांचीच पोरं मावतात. माझ्या पोरांना जॅकेटं कुठायत?"

साहेब धाकूवर उखडले. "शोभा केलीस माझी! दान द्यायचं ते आधी दगडावर आपटून धुवायचं, मग द्यायचं!"

"बरं साहेब."

शुक्रवारी साहेबांनी अडगळीतून आसपासच्या नद्या-डोंगरांचे जुने नकाशे काढले. "शाळेसाठी मावशीकडे दे. जॅकेटांचं नंतर बघू."

धाकू घाटावर बसला. एकेक नकाशा भिजवला, साबण लावला, दगडावर दणादण आपटला. नद्या वाहून गेल्या, डोंगर विरघळले. "दान आधी धुवायचं असतं," म्हणत उरलेला लगदा त्यानं मावशीच्या हातात ठेवला.

"हे काय रे? लापशी? आणि माझी जॅकेटं?"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "गाढवा! दानाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही! प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्च बांधायचं!"

"बरं साहेब."

शनिवारी निघाली आठ वल्ही. तीन मोडकी होती, पण पाट्या आठही होत्या. धाकूनं प्रत्येक वल्हं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि मावशीला बजावलं, "पाण्याचा थेंब लागता कामा नये हं!"

"मग वल्हवू कुठं? अंगणात?" मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "धाकू, परवा सोमवार रे. पोरं घरी बसतील माझी."

धाकूलाही वाईट वाटलं. तो साहेबांकडे गेला. साहेब भाषण पाठ करत होते. ते भडकले.

"डोकं खाऊ नकोस! वर्षभरात ज्याला पाणी लागलं नाही, ज्याचा काडीचा उपयोग नाही, जे नुसतं जागा अडवून बसलंय, ते सगळं पाटी लावून देऊन टाक! उद्या मी फोटोला येतोय. आणि एकदा दिलेलं परत मागायचं नाही, समजलं?"

"समजलं साहेब."

रविवारी पल्याडवाडीच्या काठावर मांडव उभा राहिला. पेपरवाले आले. साहेब होडीतून उतरले आणि बघतात तर काय! अकरा पोरं अंगात कोरीकरकरीत नारिंगी जॅकेटं घालून उभी! साहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटातली, पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली. दोन वर्षं त्यांना पाणी लागलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा उतरला. पण समोर कॅमेरे. "मुलांना नवंच द्यायला हवं," असं म्हणत ते हसले आणि हळूच धाकूच्या कानाशी लागले, "मूर्खा, काढून घे ती!"

"दिलेलं परत मागायचं नाही साहेब."

मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "उद्या होडी सुटणार रे पोरांनो!"

तेवढ्यात धाकू दोरी घेऊन पुढं आला. हार आला असं वाटून साहेबांनी सवयीनं मान वाकवली. गळ्यात काहीतरी पडलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. साहेबांनी खाली पाहिलं. छातीवर पाटी होती. सप्रेम भेट.

"हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना? वर्षभर पाणी लागलेलं नाही, नुसतं जागा अडवून बसलंय... कपाट रिकामं झाल्यावर क्लबात तुम्हीच तेवढे उरलात."

मावशीनं साहेबांना वरून खाली न्याहाळलं. "धाकू, जॅकेटं ठेवते. पण हे असंच कसं आणलंस? आधी धुवायचं ना?"

"अरेच्चा, विसरलोच!"

धाकूनं बाह्या वर सारल्या, साहेबांना खांद्यावर टाकलं आणि पाण्यात उतरला.

"घाबरू नका साहेब," कपडे धुवायच्या दगडाकडे जात तो म्हणाला, "तुम्ही नकाशापेक्षा दणकट आहात."