जिन्यातली पाटी

आमच्या कॉलेजचे प्राचार्य डोईफोडे यांना पाट्या लावायची भारी हौस. पण लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या समितीची पाटी काही ते लावू देईनात.

"लोकांना वाटेल, आपल्या कॉलेजात असले प्रकार होतात," ते म्हणाले.

इकडे पहिल्या वर्षाची एक मुलगी, तक्रार कोणाकडे करायची हेच न कळल्यामुळे, कॉलेज सोडायला निघाली होती. विद्यार्थी प्रतिनिधी मैथिली घोडके हिने ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी जिन्यातली 'येथे थुंकू नये' ही पाटी गायब झाली.

"पाटी कोणी काढली?" सर गरजले.

"मी, सर. लोकांना वाटेल, आपल्याकडे थुंकतात."

"अगं, थुंकतातच. ती भिंत बघ, लालभडक झालीय. म्हणून तर पाटी लावली ना."

"मग सर, भिंतीसाठी लावली तशी आमच्यासाठीही लावा."

सरांनी घसा खाकरला आणि शिपायाला खिळे-हातोडी आणायला पाठवले.

दुपारी दोन्ही पाट्या शेजारीशेजारी लागल्या. त्या मुलीने समितीच्या पाटीवरचा नंबर फिरवला. पुढे एकाला कॉलेज सोडावे लागले खरे, पण तिला नाही.