भुऱ्याचं बोर

वाळवंट होते. वर ऊन, खाली वाळू. मध्ये भुऱ्या.

भुऱ्या म्हणजे उंदीर. मुठीत मावेल एवढा. रंग वाळूचा, शेपटीला काळा गोंडा.

भुऱ्याने बोरीवरून बोर तोडले. नाकाला काटा टोचला. तरी तोडले. लाल, गोल, यंदाचे पहिले बोर.

तेवढ्यात वाळूची टेकडी घसरली. सर सर सर. बोर गेले वाळूखाली.

"टेकडीताई, टेकडीताई, सरक. माझं बोर दे."

टेकडी म्हणाली, "मला पाय आहेत का? वारा ढकलतो, तेव्हा मी सरकते."

भुऱ्या निघाला. तुरु तुरु तुरु. खेजडीच्या झाडात वारा झोपला होता.

"वारेदादा, वारेदादा, उठा.
टेकडी सरकेना,
माझं बोर मला मिळेना."

वारा म्हणाला, "खेजडी हलली की उठतो. तोवर नाही."

भुऱ्या बुंध्यावर चढला. तुरु तुरु तुरु.

"खेजडीबाई, खेजडीबाई, हल.
वारा उठेना,
टेकडी सरकेना,
माझं बोर मला मिळेना."

खेजडी म्हणाली, "पाल्यानं फांद्या जड झाल्या. उंटानं पाला खाल्ला, तर हलेन."

खाली सावलीत उंट बसला होता. भुऱ्या उतरला. तुरु तुरु तुरु.

"उंटोबा, उंटोबा, पाला खा.
खेजडी हलेना,
वारा उठेना,
टेकडी सरकेना,
माझं बोर मला मिळेना."

उंट डोळे मिटूनच म्हणाला, "घसा कोरडा. आधी पाणी. मग पाला."

भुऱ्या विहिरीवर गेला. तुरु तुरु तुरु. तिथे धापूमावशी बसली होती. बादली रिकामी.

"मावशी, मावशी, पाणी काढ.
उंट पाला खाईना,
खेजडी हलेना,
वारा उठेना,
टेकडी सरकेना,
माझं बोर मला मिळेना."

मावशी म्हणाली, "दोर तुटला रे. बादलीला तुझी शेपटी बांधू का? जा, खिंपाच्या काड्या आण. नवा दोर वळते."

भुऱ्याने शेपटी पोटाशी घेतली आणि पळाला. तुरु तुरु तुरु.

खिंपाचे झुडूप उभे होते. पान एक नाही. नुसत्या हिरव्या काड्या.

"खिंपभाऊ, खिंपभाऊ, काड्या दे.
मावशी पाणी काढेना,
उंट पाला खाईना,
खेजडी हलेना,
वारा उठेना,
टेकडी सरकेना,
माझं बोर मला मिळेना."

खिंप म्हणाले, "फुकट नाही. माझ्या पायाची वाळू उडाली. मुळं उघडी पडली. ऊन चावतंय. आधी मुळं झाक."

भुऱ्याने इकडे पाहिले. तिकडे पाहिले. आता कुणाकडे जायचे?

कुणाकडेच नाही.

"मीच झाकतो," भुऱ्या म्हणाला.

खुर खुर खुर. वाळू उडाली, मुळांवर पडली. पाय दुखले. खुर खुर खुर. नाकात वाळू गेली. आक् छी. खुर खुर खुर.

मुळे झाकली.

मग काय? खिंपाने काड्या दिल्या. भुऱ्याने ओढत नेल्या. मावशीने दोर वळला. बादली सोडली. डुबुक. पाणी वर आले. उंट प्याला. गट गट गट. पाला खाल्ला. कचर कचर कचर. खेजडी हलली. सळ सळ सळ. वारा उठला. सूं सूं सूं. टेकडी सरकली. सर सर सर.

आणि खाली काय?

बोर. लाल, गोल, तस्सेच्या तस्से.

उंटाने मान खाली घातली. "हेच का ते? एवढंसं?"

"एवढंसं," भुऱ्या म्हणाला. "पण माझं."

कुटुर कुटुर कुटुर. बोर संपले. बी तेवढी त्याने वाळूत पुरली. चांगली खोल.

बोर गेले पोटात, गोष्ट राहिली ओठात.