भरलेल्या खाटांचं धान्य

किती जुनी गोष्ट आहे, ते सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नाही. पण खूप खूप पूर्वी, डोंगरांच्या मधोमध वसलेल्या एका राज्यात दोन रुग्णशाळा होत्या. एक नदीच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. आपली गोष्ट अलीकडच्या रुग्णशाळेची, आणि तिथला कारभार पाहणाऱ्या म्हाळोजीची.

म्हाळोजी वैद्य नव्हता. कोणती मुळी कशावर चालते, ते त्याला कळत नसे. त्याचं काम एकच होतं, रुग्णशाळेची चूल बंद पडू द्यायची नाही. साठ खाटा, पंधरा सेवेकरी, एक वैद्य, आणि रोज येणारे कण्हते-कुथते लोक. या सगळ्यांच्या पोटाला घालायचं, सरपण आणायचं, तेल आणि औषधं आणायची. वीस वर्षं तो हे काम करत होता आणि वीस वर्षांत चूल एकदाही विझली नव्हती.

धान्य राजाच्या कोठारातून येई. त्याचा नियम राजाच्या आजोबांनी घालून दिलेला होता. दर अमावास्येला कोठारातून कारकून येई, किती खाटांवर माणूस आहे ते मोजी, आणि भरलेल्या दर खाटेमागे पुढच्या महिन्याचं तीस शेर धान्य पाठवलं जाई. आजोबा दयाळू होते. जिथे आजारी जास्त, तिथे मदत जास्त जावी, असा साधा विचार त्यांनी केला होता.

अलीकडच्या रुग्णशाळेत खाटा नेहमीच भरलेल्या असत. पाय मोडून आलेला माणूस दोन महिने पडून राही. हाताला विळा लागून आलेल्या बाईची जखम चिघळे, मग तिला ताप येई, मग शेजारचीला येई. आजारपण म्हटलं की असंच असायचं, असं सगळे धरून चालत. म्हाळोजीही धरून चालत होता.

पुढे जुने वैद्य वारले आणि त्यांच्या जागी सगुणाबाई नावाच्या वैद्यबाई आल्या. बोलणं थोडं, चालणं भरभर. पहिल्याच दिवशी त्यांनी म्हाळोजीला बोलावलं.

"कारभारी, जखमेच्या पट्ट्या रोज उकळायच्या. दर रुग्णाला हात लावण्याआधी सेवेकऱ्यांनी रिठ्याच्या पाण्याने हात धुवायचे. आणि तापाची माणसं या दालनात नकोत, त्यांना मागच्या पडवीत वेगळं ठेवा."

"बाई, रोज उकळायचं म्हणजे सरपण किती लागेल?"

"लागेल तेवढं लागेल."

म्हाळोजी कपाळाला हात लावून बाहेर आला. सरपण दुप्पट लागलं. रिठे पोत्याने आणावे लागले. पडवीसाठी चार सेवेकरी वेगळे काढावे लागले. तो रोज कुरकुरत होता आणि रोज सगळं आणून देत होता.

मग हळूहळू एक गोष्ट त्याच्या नजरेला येऊ लागली. मोडलेला पाय सहा आठवड्यांत जमिनीवर टेकू लागला. विळ्याची जखम आठ दिवसांत सुकली. शेजारच्या खाटेवरचा ताप शेजारीच राहिला. माणसं आपल्या पायांनी घरी जाऊ लागली. वर्षाच्या शेवटी औषधाचं तेल निम्मंही संपलं नव्हतं. म्हाळोजीला मनातून बरं वाटलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने लोकांना रुग्णशाळेतून हसत बाहेर पडताना पाहिलं होतं.

दर अमावास्येला मोजणीचा आकडा मात्र उतरत होता. वर्ष संपल्यावरच्या अमावास्येला कारकून आला, त्याने खाटा मोजल्या. साठांपैकी बावीस भरलेल्या. पुढच्या महिन्याचं धान्य बावीस खाटांचं आलं.

म्हाळोजी धावत राजधानीला गेला. धान्यकोठाराच्या मुख्य अधिकाऱ्याला सगळे कोठावळे म्हणत. ते गादीवर बसून पान लावत होते.

"तुमच्याकडचं काम कमी झालं, म्हणून धान्य कमी झालं," कोठावळे म्हणाले.

"काम कमी नाही झालं. आजार कमी झाला."

"एकच की ते."

"एकच कसं? गेल्या वर्षापेक्षा जास्त माणसं येऊन बरी होऊन गेली. ती लवकर घरी जातात, म्हणून खाटा रिकाम्या दिसतात. पण पंधरा सेवेकरी तेच आहेत, चूल तीच आहे, आणि सरपण तर दुप्पट लागतं."

"रिकाम्या खाटेला भूक लागते का, म्हाळोजी?"

कोठावळ्यांनी पान तोंडात टाकलं आणि त्याला समजुतीच्या सुरात सांगितलं, "पलीकडच्या रुग्णशाळेकडे बघा. साठच्या साठ खाटा भरलेल्या. शिवाय वीस जण जमिनीवर. केवढी सेवा करतात ती माणसं. येत्या दरबारात राजेसाहेब त्यांना शालजोडी देणार आहेत. तुम्ही एकदा जाऊन त्यांचं काम पाहून या."

म्हाळोजी खरोखरच गेला, पाहून आला. जुन्या वैद्यांच्या काळात अलीकडे जे चाललं होतं, तेच पलीकडे चाललं होतं. एकाची पट्टी काढून दुसऱ्याला बांधत होते.

पुढच्या सहा महिन्यांत त्याने कोठाराकडे सहा अर्ज केले. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की नियम आजोबांचा आहे. दुसऱ्याला उत्तर आलं की पहिल्या अर्जाचं उत्तर पाहावं. बाकीच्यांना उत्तर आलं नाही. इकडे सेवेकरी अर्धपोटी राबत होते. एक गेला, दोन गेले, असं करत पंधराचे सात उरले. सात माणसांत दालन आणि पडवी दोन्ही सांभाळणं जमेना. शेवटी म्हाळोजीने पडवी बंद केली आणि तापाची माणसं पुन्हा मोठ्या दालनात आणली.

सगुणाबाईंनी दालनाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "हे चांगलं नाही झालं, कारभारी."

"मला कळतं ते. माणसं कुठून आणू?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून बोलला, "बाई, एक विचारू? बरी झालेली माणसं तुम्ही लगेच घरी धाडता. अमावास्येपर्यंत तीन-चार दिवस ठेवून घेतली तर? खाटा मोजल्या जातील. कुणाचं काय जाणार आहे?"

"बऱ्या माणसाला आजाऱ्यांत झोपवायचं? त्याच्या खाटेमागच्या धान्यासाठी?"

"आपल्या सगळ्यांच्या खाण्यासाठी."

"नाही," सगुणाबाई म्हणाल्या, आणि पट्ट्या उकळायला गेल्या.

त्याच आठवड्यात डोंगरावरच्या एका गावातून बाळंतिणीसाठी बोलावणं आलं. सगुणाबाई निघाल्या. निघताना म्हाळोजीला त्यांनी अकरा नावं सांगितली. "हे अकरा जण बरे झालेत. आज यांना घरी जाऊ द्या."

अमावास्या चार दिवसांवर होती. म्हाळोजी त्या अकरा खाटांसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने सगळ्यांना सांगितलं, "वैद्यबाई म्हणाल्यात, अजून चार दिवस विश्रांती घ्या."

त्या अकरांत सटवाजी नावाचा गवंडी होता. पायावर घडीव दगडाचा चिरा पडून आला होता. आता ठणठणीत होता. "मला तर काही होत नाही," तो म्हणाला. "घराची भिंत अर्धी बांधून ठेवलीय, कारभारी. जाऊ द्या मला."

"चारच दिवस," म्हाळोजी म्हणाला.

वैद्यबाईंचं नाव घेतल्यावर सटवाजीने वाद घातला नाही. तो पुन्हा खाटेवर आडवा झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्या खाटेवर तापाचा एक रुग्ण आणून ठेवला गेला.

अमावास्येला कारकून आला. तेहतीस खाटा मोजून, समाधानाने मान हलवून गेला. दहा जण घरी गेले. सटवाजी उठू शकला नाही. त्याचं अंग तापाने फणफणलं होतं.

सगुणाबाई परत आल्या, त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि हा माणूस अजून इथे कसा, असं विचारलं. म्हाळोजीने खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पाणी आणा."

सव्वीस दिवस सटवाजी त्या तापात होता. जगला. पण उठला तेव्हा त्याच्या हातापायांतलं बळ गेलेलं होतं. भरलेली घागर त्याला उचलवेना, मग चिरा कुठून उचलणार. त्याला न्यायला त्याची बायको गोजराबाई आली. नवऱ्याला धरून दारापर्यंत नेलं आणि मागे वळून तिने विचारलं,

"तुम्ही चार दिवस म्हणाला होता ना, कारभारी? मग चाराचे सव्वीस कसे झाले?"

ती दोघं गेल्यावर म्हाळोजी कोठीत गेला. कोपऱ्यात नवीन धान्य लावून ठेवलं होतं. सटवाजीच्या खाटेचं तीस शेर धान्य त्यातच होतं. सहा अर्ज करून जे मिळालं नव्हतं, ते एका धडधाकट माणसाला आजारी पाडल्यावर न मागता घरपोच आलं होतं.

त्याने तीस शेर मोजून पोत्यात भरले, पोतं तट्टावर टाकलं आणि राजधानीची वाट धरली.

"हे परत घ्या," त्याने कोठावळ्यांना सांगितलं. "ही खाट रिकामी असायला हवी होती. मी खोटं बोलून भरली."

कोठावळे गोंधळले. "धान्य द्यायची वही आहे. परत घ्यायची वही नाही."

"मग ओता कुठेतरी."

"असं कसं ओतता येईल? कोणत्या खात्यावर?"

वीस वर्षांत म्हाळोजीचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी सगळ्या कचेरीने ऐकला. "माणूस बरा केला की तुम्ही आमचं धान्य तोडता. आजारी पाडला की पोती पाठवता. परत आणून दिलं तर घेत नाही. मी करू काय, ते तरी एकदा लिहून द्या मला."

आवाज इतका चढला की शेजारच्या महालातून राजाने दोघांनाही बोलावून घेतलं. राजाने सगळं ऐकून घेतलं. सटवाजीबद्दल त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "पण म्हाळोजी, खाटा रिकाम्या असताना मी जास्त धान्य द्यायचं, तर ते आणायचं कुठून?"

तेवढ्यात दाराशी उभा असलेला एक म्हातारा कारकून पुढे आला. तो शेतसाऱ्याचं दप्तर सांभाळत असे आणि आरडाओरडा ऐकून बघायला आला होता.

"महाराज, नदीअलीकडच्या चाळीस गावांचा सारा दोन वर्षं वाढतोय," तो म्हणाला. "शेतं तीच, पाऊस तोच. मी पाटलांना विचारलं होतं. ते म्हणाले, ऐन पेरणीत माणसं पडून राहत नाहीत आता. पलीकडच्या गावांत मात्र सारा घटलाय."

"किती वाढला?"

कारकुनाने आकडा सांगितला. साठही खाटांचं वर्षाचं धान्य त्याच्या पाव हिश्शात बसत होतं.

राजाने कोठावळ्यांकडे पाहिलं. "हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"साऱ्याचं दप्तर शेजारच्या खोलीत असतं, महाराज," कोठावळे म्हणाले. "माझ्याकडे फक्त खाटा."

दोन्ही खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि भिंतीला दारही होतं. शालजोडी कुणाला द्यायला निघालो होतो, हे आठवून राजा मनात ओशाळला.

त्या दिवशी आजोबांचा नियम बदलला. ज्या गावांची रुग्णशाळा, त्या गावांच्या साऱ्यातला ठरलेला हिस्सा तिला दरवर्षी मिळावा, खाटा भरलेल्या असोत वा रिकाम्या, असं ठरलं. गावं जितकी धडधाकट, तितका रुग्णशाळेचा हिस्सा मोठा. तीस शेरांचं ते पोतं सटवाजीच्या घरी गेलं. आणि म्हाळोजीला राजाने दंड केला, त्याच्या पगाराचा अर्धा भाग सटवाजी जिवंत असेपर्यंत त्याच्या घरी जावा. म्हाळोजीने तो कमी करा असं म्हटलं नाही. दर महिन्याला तो स्वतः जाऊन देत असे. गोजराबाई ते घेई, पण त्याला बसा असं ती कधी म्हणाली नाही.

पलीकडच्या रुग्णशाळेचा कारभारी नियम बदलल्यानंतर नवव्या दिवशी नावेतून अलीकडे आला. ही सेवा असतेच अशी, असं वर्षानुवर्षं सांगणारा तो माणूस आता सगुणाबाईंना विचारत होता, पट्ट्या किती वेळ उकळायच्या, रिठे कुठे मिळतात. सगुणाबाईंनी त्याला सगळं दाखवलं. म्हाळोजी बाजूला उभा राहून ऐकत होता. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं थांबलात कशाला, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सटवाजीची आठवण झाली आणि त्याने पाहुण्यासाठी रिठ्यांचं पोतं पुढे ओढलं.

दोन वर्षांत पलीकडच्या निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या. दोन्हीकडच्या चुली पेटत्या राहिल्या आणि राजाचं कोठार पूर्वीपेक्षा भरलेलं राहिलं. सटवाजीची भिंत गावकऱ्यांनी मिळून पुरी केली. तो ओट्यावर बसून, कोणता चिरा कुठे बसवायचा ते त्यांना सांगत होता.

लहानांनी आणि थोरांनी यातून घ्यायचं ते एवढंच: जिथे आजारपणाला दाम मिळतो तिथे आजारपण मुक्कामाला राहतं, आणि जिथे बरं करण्याला दाम मिळतो तिथे माणूसही सावरतो आणि कोठारही.