ओंजळीतला बर्फ

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा तिथे राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला आठवत नाही. उंच पर्वतांच्या कुशीत एक लहानसं नगर होतं. उन्हाळ्यात तिथले लोक डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत जव पिकवत आणि हिवाळ्यात बर्फाखाली दबलेल्या घरांत चुलीभोवती बसत.

त्या नगरात छेवांग नावाचा एक माणूस राहत होता. पायांना लांब, पुढच्या टोकाला वळलेल्या लाकडी फळ्या बांधून तो बर्फावरून घसरत जाई. आज आपण त्यांना स्की म्हणतो; तिथले लोक नुसतं ‘फळ्या’ म्हणत. फळ्यांवरून घसरणारे तसे बरेच होते, पण छेवांगची गोष्ट वेगळी होती. तो उतारावरून निघाला की अंगणात धान्य निवडणाऱ्या बायका हात थांबवून वर बघत. हिवाळ्यात वाटा बंद झाल्या की वरच्या वाड्यांवर मीठ आणि औषधं तोच पोहोचवी. खालच्या एका वाडीत बाळंतीण अडली होती, तेव्हा पाठीवर सुईणीला बांधून तो वादळातून उतरला होता. ते मूल आता मोठं होऊन मेंढ्या राखत होतं.

उन्हाळ्यात छेवांग सगळ्यांसारखाच शेतकरी असे. थोडा अबोल, थोडा वेंधळा. नांगर धरला की तास वाकडा जाई. त्याची बायको यांगडोल हसून म्हणे, “अहो, जमिनीवर तुम्ही पाहुणेच.” आणि ते खरंच होतं. पहिला बर्फ पडला की त्याची मान ताठ होई, आवाज मोकळा होई. वर्षभर तो त्या दिवसाची वाट बघत राही.

एका वर्षी तो दिवस आलाच नाही.

मार्गशीर्ष कोरडा गेला. पौषात ढग आले, शिखरांना टेकले आणि तसेच पुढे निघून गेले. जिथे छपरापर्यंत बर्फ चढायचा, त्या गल्लीत धूळ उडू लागली. कोंबड्या अंगणात पाय पसरून ऊन खात बसल्या. खेचरं आरामात वरच्या वाड्यांपर्यंत जाऊ लागली, त्यामुळे मीठ न्यायला छेवांगची गरज उरली नाही. लोक सुरुवातीला खूश होते. “यंदा थंडीने दया केली,” असं म्हणत.

छेवांग मात्र रोज पहाटे उठून दार उघडी. बाहेर काळी माती दिसली की दार लावून घेई.

भिंतीवरच्या फळ्या खाली उतरवून तो त्यांना चरबी चोळत बसे. यांगडोल एकदा म्हणाली, “कालच तर चोळल्या होत्या.”

“लाकूड कोरडं पडतं.”

“लाकूड की तुम्ही?”

त्याने उजवा गुडघा दाबला आणि तो हळूच म्हणाला, “यांगडोल, हा आता जिना चढतानाही कुरकुरतो. पुढच्या हिवाळ्यात मला उतारावर नेईल की नाही, देव जाणे. हा एक हिवाळा हाती होता.”

यांगडोल त्याच्याजवळ येऊन बसली.

माघात एका सकाळी बर्फाचे पातळ कण पडू लागले. पोरंटोरं ओरडत बाहेर धावली. छेवांगही अनवाणीच अंगणात गेला, तोंड वर करून उभा राहिला. दोन-चार कण त्याच्या पापण्यांवर बसले. जेवणवेळेपर्यंत ऊन पडलं आणि अंगणात नुसता ओलावा राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोला म्हणाला, पोट भरलंय. झोपेत त्याला फळ्यांचा आवाज येई, रेशीम फाडल्यासारखा, लांबच लांब. जाग आली की तो आवाज वाऱ्याचा निघे.

शेवटी त्याला घरात बसवेना. बर्फ शोधत तो वर निघाला. झाडं संपली, गवत संपलं, आणि शिखराच्या सावलीतल्या एका वळणावर तो थबकला.

समोर लोक जिला थोरली ओंजळ म्हणत ती जागा होती. डोंगराच्या उत्तर अंगाला, जिथे सूर्य फिरकत नाही, तिथे दोन हात जोडून ओंजळ करावी तसा एक खोलगट उतार होता. यंदा शिखरांवर पडलेला थोडासा बर्फ वाऱ्याने सगळीकडून उडवून तिथे आणून टाकला होता. पांढराशुभ्र, अखंड. त्यावर पाखराच्या पायाचीही खूण नव्हती.

काठावरच्या खडकावर एक म्हातारी बसली होती. ती आंगमो, नगराची पाटकरी. कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं, हे ती ठरवी. सगळे तिला मावशी म्हणत.

“आलास?” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं, तू येशील.”

छेवांगची नजर उतारावरून हलत नव्हती. “मावशी, किती दिवसांनी पांढरं बघतोय.”

“बघ. पोटभर बघ. पण पाय ठेवू नकोस.” तिने काठी बर्फात खुपसली. काठी वरच्या थरात अडली, मग एकदम सर्रकन आत गेली. “वरचा थर कडक आहे, खालचा साखरेसारखा भुसभुशीत. एकाच्या भाराने सगळा सुटेल आणि खालच्या घळीतून थेट नदीकाठच्या उन्हात जाऊन पडेल. इथे राहिला तर हळूहळू वितळून जमिनीत मुरेल, आणि आपला झरा ज्येष्ठापर्यंत वाहील. दुसरीकडे कुठेच बर्फ नाही, छेवांग. यंदा सगळ्या शेतांचं पाणी एवढंच आहे.”

“मी कडेकडेने जाईन. एकदाच. एकच उतरण.”

“तुला किती वाटत असेल, ते मला दिसतंय. तुझा चेहरा आजारी माणसासारखा झालाय. पण मी हो म्हणू शकत नाही.”

छेवांग मान खाली घालून परत आला.

त्याने ती जागा मनातून काढायचा खरंच प्रयत्न केला. गोठा शाकारला, जुनी भिंत लिंपली, दोर वळले. पण हात कामात असले तरी डोळ्यांसमोर तो उतार असे. कुठे वळायचं, कुठे वेग सोडायचा, कुठे वाकायचं, हे त्याचे पाय आपोआप मोजू लागत. फाल्गुन लागला. वारे उबदार झाले. लोक बी-बियाणं उन्हात घालू लागले. आता बर्फ पडायचा नाही, हे लहान पोरांनाही कळलं होतं.

एका सकाळी यांगडोल शेळीची धार काढत असताना त्याने फळ्या खांद्यावर घेतल्या.

“कुठे निघालात?”

“वर.”

तिच्या हातातली चरवी तशीच राहिली. “आंगमोमावशींना विचारलंत?”

“येतोच मी,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता निघाला.

ओंजळीच्या काठावर कुणी नव्हतं. त्याने फळ्या बांधल्या. क्षणभर थांबला. आपण इथूनच परत फिरायला हवं, हे त्याला अगदी स्पष्ट कळत होतं. आणि मग गुडघा आपसूक वाकला, अंग पुढे झुकलं, आणि तो निघाला.

श्रोतेहो, खोटं कशाला सांगू? ती उतरण सुंदर होती. पायाखालून तोच आवाज उठला, रेशीम फाडल्यासारखा. गार वारा डोळ्यांत पाणी आणत होता. गुडघ्याची कळ कुठल्या कुठे गेली. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला, आणि त्याच्या मागे पांढऱ्या उतारावर एक लांब, सुरेख वळणदार रेघ उमटत गेली. तो मोठ्याने हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

तेवढ्यात डोंगराच्या पोटातून ‘धप्प’ असा एक खोल आवाज आला.

वरच्या काठापासून खालपर्यंत एक भेग पळत गेली. सगळा उतार एकदम हलला. छेवांगने जीव खाऊन कडेला झेप घेतली आणि एका खडकाला मिठी मारली. त्याच्या बाजूने पांढरा लोंढा गर्जत गेला, घळीत कोसळला आणि खाली, खूप खाली, नदीकाठच्या उघड्या कुरणात जाऊन पसरला. मग सगळं शांत झालं. ओंजळीत नुसते काळे दगड उरले होते.

कुणाला इजा झाली नव्हती. कुणी पाहिलंही नव्हतं. असे बर्फाचे लोंढे आपोआपही सुटतात, त्यामुळे तो गप्प बसला असता तर चाललं असतं. पण तो उरलेली एकच फळी काखेत धरून, लंगडत, थेट आंगमोच्या दारी गेला.

“मावशी, ओंजळ रिकामी झाली. माझ्यामुळे.”

आंगमो ओट्यावर बसली होती. ती उठली नाही, ओरडली नाही. तिने डोंगराकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “कसं वाटलं? खरं सांग.”

छेवांगच्या डोळ्यांना धार लागली. “तेवढ्या वेळात मला माझं वय आठवलं नाही, मावशी.”

“मग ते नीट जपून ठेव,” ती म्हणाली. “यंदा सगळ्या गावाला ते फार महागात पडणार आहे.”

कुरणातल्या ढिगाचं पाणी काही दिवसांतच नदीने नेलं. जव वीतभर वाढला आणि झरा करंगळीएवढा झाला. मग तोही आटला.

त्या उन्हाळ्यात सगळं नगर खांद्यावर कावड घेऊन नदीपासून शेतांपर्यंत चढत-उतरत राहिलं. सगळ्यांत आधी छेवांग निघे आणि सगळ्यांच्या नंतर थांबे. तो आपल्या शेताला पाणी घालत नव्हता. आधी ज्यांच्या घरात कर्ती माणसं नव्हती त्यांच्या शेतात कावड रिकामी करी, मग इतरांच्या. यांगडोलही त्याच्या मागे घागर घेऊन चाले. एकदा चढावर टेकल्यावर ती म्हणाली, “मी त्या दिवशी तुमचा हात धरायला हवा होता.”

“धरला असतास तरी सोडवून गेलो असतो,” तो म्हणाला. “स्वतःकडे दोष घेऊ नकोस. तेवढा तरी माझ्याकडेच राहू दे.”

माणसांच्या खांद्यावरून डोंगराची तहान किती भागणार? अर्धीअधिक शेतं करपली. पेज पातळ झाली. मेंढपाळांचं एक कुटुंब कळप घेऊन दुसऱ्या खोऱ्यात गेलं. जाताना त्यांचा थोरला मुलगा छेवांगच्या पाया पडायला आला. वादळातून आणलेल्या सुईणीच्या हाती जन्मलेला तोच हा. छेवांगला त्याला आशीर्वादही देता येईना. ते कुटुंब परत आलं नाही. त्यांचं घर तसंच बंद राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ आला. असा आला, की म्हातारेही म्हणाले, आम्ही असा पाहिला नाही. ओंजळ भरली, उतार भरले, गल्ल्या भरल्या. सगळं नगर फळ्या घेऊन बाहेर पडलं. डोंगरभर हाका घुमू लागल्या.

यांगडोलने स्वतः छेवांगच्या फळ्या अंगणात आणून ठेवल्या. एक जुनी होती, दुसरी तिने गावच्या सुताराकडून नवी करून घेतली होती. “जा,” ती म्हणाली. “आता सगळ्यांना पुरून उरेल एवढा आहे.”

छेवांग बाहेर आला. उन्हाळाभर कावड वाहून उजवा गुडघा आता वाकतच नव्हता. तरी त्याने फळ्या बांधल्या. सपाट अंगणातच तो त्यांवर उभा राहिला. वर उतारावरून कुणीतरी सर्रकन उतरल्याचा आवाज आला, आणि छेवांगने आवाजाच्या दिशेने मान वळवली. बर्फ पडत होता. हळूहळू फळ्यांची टोकं झाकली गेली. मग पावलं झाकली गेली. यांगडोल दारातून बघत होती, पण तिने त्याला आत बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने वाकून दोर सोडले.

त्यानंतरही कधी कमी बर्फाचे हिवाळे आले. अशा वेळी छेवांग काठी टेकत वर जाई आणि ओंजळीच्या काठावर दिवसभर राखण करत बसे. कुणी फळ्या घेऊन आलंच, तर तो त्याला रागावत नसे. शेजारी बसवून घेई, आणि दोघं मिळून तो अखंड पांढरा उतार बघत राहत. ऊन कललं की दोघं बरोबरच खाली येत. त्याच्या हयातीत झरा पुन्हा कधी आटला नाही. त्याची ओढ मात्र अखेरपर्यंत तशीच राहिली.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपली ओढ कितीही खरी असली, तरी तिची तहान सगळ्यांच्या पाण्यावर भागवू नये.