साळूबाईचा काटा

रानातले प्राणी शाळा शिकून मोठे झाले आणि त्यांनी आपलं विद्यापीठ काढलं, तेव्हाची ही गोष्ट. तिथले संगणक साळूबाई नावाची साळिंदर सांभाळायची आणि पोरांना शिकवायचीही. नवं यंत्र आलं की ती पाठीचा एक काटा उपसायची, त्यानेच स्क्रू काढून यंत्र आतून बघायची आणि मगच पसंत करायची.

एकदा मोर संगणक विकायला आला. पिसारा फुलवून म्हणाला, "बाई, असला वेगवान संगणक पंचक्रोशीत नाही! ती जुनी खोकी द्या फेकून."

साळूबाईने काटा उपसला. "झाकण उघडा बघू."

"छे हो! हे उघडतच नाही. बिघडलंच, तर डोंगरापलीकडून आमचा कारागीर येईल आठ दिवसांत."

साळूबाईचे सगळे काटे ताठ उभे राहिले. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाचा एकेक स्क्रू तिच्या विद्यार्थ्यांनी दहादा फिरवला होता, आणि तो अजून ठणठणीत चालत होता.

"मोरराव, हे विद्यापीठ आहे," ती म्हणाली. "जे आम्हालाच उघडता येत नाही, ते पोरांना शिकवायचं कसं?"

मोराने पिसारा मिटला. जाता जाता दारात घुटमळला. "खरं सांगू, बाई? आत काय असतं ते मीही कधी पाहिलेलं नाही."

साळूबाईने हातातला काटा त्याच्या चोचीत दिला. "मग बसा पहिल्या बाकावर!"