आपल्यांवरच धावणारी झुंजारी

कोणे एके काळी एका मुलीच्या छातीत थायमस नावाची ग्रंथी राहत होती. रोगजंतूंशी लढणाऱ्या कोवळ्या पेशींना ती आपलं-परकं ओळखायला शिकवी. त्यांतल्या झुंजारी नावाच्या पेशीने मात्र तिला अगदी वैताग आणला होता.

थायमसने डोळ्याचा कण दाखवला, की झुंजारी धावलीच.

"अगं बये, तो आपलाच डोळा आहे! किती वेळा सांगू?"

"मला राहवतच नाही, बाई."

अशा पेशीला एरवी तिथेच संपवत. पण थायमस चिडून म्हणाली, "परक्यांना सोडून नेमकी आपल्यांवरच धावतेस! म्हणजे आपलं कुठलं ते तुला पक्कं कळतं. मग जा, आपल्यांवर उठणाऱ्यांनाच अडव."

पुढे मुलीला ताप आला. लढणाऱ्या पेशी चवताळून तिच्याच डोळ्यांवर चालून गेल्या. झुंजारी आडवी आली आणि त्या शांत होईपर्यंत हुज्जत घालत राहिली.

ताप उतरल्यावर मुलीने डोळे उघडले आणि आईला ओळखलं.